मजकूर माघारी आला का?

सांगलीच्या त्या कचेरीत सहा वर्षं मला कुणी माझ्या नावानं हाक मारली नाही, आणि याला एकच माणूस जबाबदार होता, आमचे चाचा. त्यांना माणसांची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा होता. गावं मात्र पक्की लक्षात राहायची. मी म्हसवडची, म्हणून मी 'म्हसवड'. कॉम्प्युटरचं सगळं बघणारा तासगावचा, म्हणून तो 'तासगाव'. आमच्या मालकांच्या वडिलांची मार्केट यार्डात हळदीची पेढी, घराणं सांगलीचंच, म्हणून मालक नुसते 'सांगली'. पगार देणाऱ्या माणसाला तोंडावर "काय सांगली, आज उशीर?" असं विचारणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आणि मालकही निमूटपणे म्हणायचे, "व्हय चाचा, जरा झाला." पुढं पुढं सगळी कचेरीच एकमेकांना गावानं हाक मारायला लागली.

चाचा स्वतः रहिमतपूरचे. पण त्यांना रहिमतपूर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आमचं काम असं. शेतकऱ्याचा फोन सकाळी वाजतो, उचलला की मिनिटभराचा निरोप ऐकू येतो. हळदीवर करपा दिसतोय, काय करा. उसाला पाणी आता द्या, आता नको. शेतीतली जाणकार मंडळी आम्हाला माहिती कळवायची, ती साध्या बोलीत लिहून काढणं हे माझं काम, आणि मी लिहिलेलं अडवणं हे चाचांचं काम. कागदोपत्री ते 'मजकूर तपासनीस' होते. त्याआधी तीस वर्षं त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले होते, मुद्रितं तपासली होती. लग्नपत्रिका, उरुसाची पत्रकं, बाजार समितीच्या नोटिसा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. एवढं आयुष्य अक्षरांत काढलेला माणूस कागदाकडं बघायचा मात्र नाही. मला म्हणायचे, "वाच." आणि डोळे मिटून घ्यायचे.

मी वाचत असताना ते बशीतल्या चहावर फुंकर मारत बसायचे. फुंकर चालू आहे तोवर माझं ठीक चाललंय. फुंकर थांबली की त्या शब्दापाशी काहीतरी गडबड आहे. ते बोलायचे नाहीत, नुसते थांबायचे, आणि मी आपली त्या शब्दाभोवती घिरट्या घालत राहायची. सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी त्यांना सहा वर्षांत निदान पन्नास वेळा विचारलं असेल.

त्यांच्या टेबलामागं भिंतीवर एका जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू डकवलेली होती. वर मथळा होता 'गावाबाहेर', आणि खाली मोत्यासारख्या अक्षरात शब्दांची यादी. योग्य. त्वरित. पुरेसे. आवश्यकतेनुसार. शिफारशीप्रमाणे. हे शब्द आमच्या निरोपात आले की हाकलून द्यायचे. पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं होतं, 'योग्य प्रमाणात पाणी द्यावे.'

"योग्य म्हंजी किती?" चाचांनी विचारलं. "हातानं दाखव."

मी बावळटासारखे दोन्ही हात पसरले.

"ही लांबी झाली. पाण्याचं बोल."

मी बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी. त्या दिवशी कागद घेऊन जागेवर गेले आणि 'योग्य' खोडला.

पण या सगळ्याहून मोठं खूळ म्हणजे माघारी. निरोप बाहेर सोडण्याआधी तो तीन गावांतल्या तीन माणसांना फोनवर ऐकवायचा, आणि ऐकून झाल्यावर त्यांनी आता काय करणार ते त्यांच्या शब्दांत सांगायचं. तिघांचं बरोबर आलं तर निरोप 'माघारी आला'. एकाचं जरी चुकलं तरी माणूस चुकला असं नाही म्हणायचं, मजकूर चुकला. पुन्हा लिही. कचेरीत शिरलं की चाचांचा पहिला प्रश्न ठरलेला. ना राम राम, ना कशी आहेस. "कालचा मजकूर माघारी आला का?"

ही माघारी मला पहिल्यांदा शिकवली ती मार्केट यार्डात. हळद निवडायला बसलेल्या एका मावशींना माझा निरोप वाचून दाखवून ये, असं चाचांनी सांगितलं. मी गेले, झकास वाचला, आणि विचारलं, "कळलं का मावशी?"

"व्हय की. लय ग्वाड वाचतीस, पोरी."

मी खुशीत परत आले. चाचा म्हणाले, "काय करणार म्हणाली?"

"कळलं म्हणाल्या."

"ते इचारलं न्हाई मी." आणि मला घेऊन परत यार्डात गेले. मावशींसमोर उकिडवे बसले. "मावशी, ह्या पोरीनं सांगितलं त्यावर उद्या सकाळी तुमी काय करणार?"

मावशींनी माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, तोंडाला पदर लावला. "आवं, मला रानच न्हाई."

परत येताना कचेरीच्या जिन्यापाशी चाचा म्हणाले, "आपल्याकडं माणूस तोंडावर न्हाई म्हणत न्हाई, म्हसवड. समोरच्याचा मान राखतंय. 'व्हय' म्हंजी तुमी आलासा, बरं वाटलं. त्यात कळलं-बिळलं काय नसतंय."

हे ते कुठून शिकले ते मला तीन-चार वर्षांनी कळलं. ईदला ते कचेरीत शीरखुर्म्याचा मोठा डबा आणायचे. अशाच एका ईदच्या दुसऱ्या दिवशी वाट्या धुता धुता त्यांनी सांगितलं. तरुणपणी रहिमतपुरात असताना त्यांच्या छापखान्यात आल्याच्या पिकावरच्या औषधाचं एक पत्रक छापायला आलं. त्यांनीच जुळवलं, त्यांनीच तपासलं, एक काना-मात्रा चुकलेली नाही. घरी नेऊन मामूंना वाचून दाखवलं. कळलं का, विचारलं. मामू म्हणाले, व्हय. पत्रकात होतं, 'योग्य प्रमाणात'. मामूंनी जास्त म्हणजे चांगलं या हिशोबानं ओतलं, आणि आल्याचं सगळं रान वाळून गेलं. मामू मरेपर्यंत भाच्याला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, पत्रक लय झ्याक छापलं होतं. "बोललं असतं तर बरं झालं असतं," चाचा म्हणाले आणि वाटी पालथी घातली.

एवढं ऐकूनही मला त्यांचा राग यायचाच. खोटं कशाला सांगू. माघारी म्हणजे तीन फोन, आणि आमच्याकडची माणसं फोन उचलतात ती आपल्या सवडीनं. कुणी दुधाला गेलेलं, कुणी सोसायटीत, कुणी उचलून आधी पाऊण तास ख्यालीखुशाली विचारणार. सकाळचा निरोप कधी कधी दुपारी चारला सुटायचा. एका श्रावणाच्या सुरुवातीला करप्याचा निरोप असा दोन दिवस अडकला. तिसऱ्या दिवशी कवलापूरच्या एका बाईंचा फोन आला. "ताई, शेजाऱ्याचं बघून कायतरी फवारून बसलो, आन् तुमी आता सांगताय व्हय?"

रागावले की माझी भाषा थेट माणदेशात जाते. मी चाचांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले, "आवं चाचा, तुमच्या माघारीपायी निरोप शिळा व्हाय लागलाय. शिळं अन्न बरोबर शिजलंय का न्हाई, हे बघून उपेग काय?"

ते चहा तसाच ठेवून उठले आणि गच्चीत जाऊन उभे राहिले. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात मालकांनी मला बोलावलं. पुण्याची एक कंपनी आली होती. त्यांच्याकडं तयार सिस्टीम होती. एआय मजकूर लिहिणार, एआयच तो बोलणार, तोच फोन लावणार, सगळं आपोआप. दुसरीकडं तासगाव म्हणत होता की आपण आपली स्वतःची व्यवस्था घडवू, थोडा वेळ द्या. मालकांना ठरवता येत नव्हतं.

"विकत घ्यायचं का घरात घडवायचं, ते तू लिहून दे," मालक म्हणाले. "लिहायचं काम तुझं आहे, तूच सांग. तू म्हणशील तसं करू." मग खिडकीकडं बघत म्हणाले, "विकत घेतलं तर मजकूर विभाग काही ठेवायला नको. तुला आणि तासगावला पेढीवर घेईन. चाचांचं आता वय झालंय."

म्हणजे माझ्या एका कागदावर चाचा राहणार की घरी जाणार हे ठरणार होतं. मी घरी जाऊन विचार केला आणि सकाळी येऊन लिहिलं, विकत घ्यावं. कारणंही चांगली चार दिली. उद्यापासून चालू होईल. बिघडलं तर दुरुस्तीची डोकेदुखी त्यांची. तासगाव एकटा आहे, त्याला ताप आला तर आपण काय करणार. आणि मुख्य म्हणजे निरोप वेळेवर जाईल. चाचांचं नाव मी कागदात कुठं घेतलं नाही. कागद मालकांना द्यायच्या आधी आठवडाभर सिस्टीम वापरून बघू, एवढंच ठरलं.

पुण्याहून आलेली मुलगी हुशार होती, बोलायला गोड होती, आणि चाचांनी तिला आल्या आल्या 'पुणं' करून टाकलं तेव्हा खळखळून हसली. तिनं लॅपटॉप उघडला, हळदीच्या करप्याची माहिती आत टाकली, आणि मी खुर्ची नीट ओढून बसेपर्यंत मजकूर तयार. मग तो एका बाईच्या आवाजात ऐकू आला. इतका लाघवी आवाज की मला माझ्याच आवाजाची लाज वाटली.

चाचा डोळे मिटून ऐकत होते. "आवाज ग्वाड हाय. बाई कुठली?"

"बाई नाही चाचा, मशीन आहे," पुणं म्हणाली.

"तरी गाव आसंल की."

"गाव नाही."

चाचांना याचं फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून एआयला त्यांनी 'बिनगावाचा' असं नाव ठेवलं. पण माझ्या अपेक्षेप्रमाणे त्यांनी त्याचा दुस्वास केला नाही. उलट दुपारभर तासगावच्या शेजारी स्टुलावर बसून ते एआयला प्रश्न विचारायचे. रहिमतपूरचं आलं कवा लावत्यात. गुंठा म्हंजी किती. उत्तर आलं की पुन्हा तेच वेगळ्या शब्दांत विचारायचे. एकदा मला बोलावून म्हणाले, "ह्याचं एक बरं हाय, म्हसवड. कितीबी येळा इचारा, कट्टाळत न्हाई. ह्याला गाव न्हाई, म्हणून लाज बी न्हाई." माझ्या टेबलाच्या खणात विकत घ्यावं असं लिहिलेला कागद होता, आणि हा माणूस मला असं हसून सांगत होता. मी काम आहे म्हणून उठले.

आठवडाभर पुण्याच्या सिस्टीमनं दोनेकशे शेतकऱ्यांना निरोप दिले, रोज सकाळी साडेसहाला, ठोक्यावर. मजकुरात 'शिफारशीप्रमाणे' होतं, 'हेक्टरी' होतं, 'डब्यावरील सूचना वाचाव्यात' होतं. मला ते दिसत होतं. मी मनात म्हटलं, शुद्ध मराठी आहे, चालायचंच. आणि तपासणीची सोयही त्यांनी ठेवली होती. निरोपाच्या शेवटी ती गोड बाई म्हणायची, माहिती समजली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन.

शनिवारी बैठक बसली. पुणंनं पडद्यावर निकाल दाखवला. दोन दाबणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. बाकी सगळ्यांनी एक. मालक खूश झाले. माझा कागद माझ्या हातात घडी घालून तयार होता. खरं सांगायचं तर मला आत कुठंतरी जिंकल्यासारखं वाटत होतं.

चाचा म्हणाले, "एक दाबलेल्यातलं तीन नंबर द्या. कुठलंबी."

पुणंनं यादीतले कुठलेही तीन काढून दिले. चाचांनी पहिला नंबर लावला आणि फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडं एक निवृत्त सुभेदार होते, आवाजात अजून परेड होती.

"सुभेदारसाहेब, निरोप ऐकलासा?"

"ऐकला. एक दाबला."

"मग उद्या काय करणार?"

"डब्यावर लिवलंय तसं करणार."

"डबा कुठं हाय?"

"डबा थोरल्याकडं. तिघा भावांत एक घेतला. माझं मला बाटलीत काढून दिलंय."

"बाटलीवर काय लिवलंय?"

जरा वेळ गेला. सुभेदार बहुधा उठून बघून आले. "कोकम सरबत," ते म्हणाले.

मालक हसले. मीही हसले, पण माझं हसू मधेच थांबलं. आमच्या भागात औषधाचा मोठा डबा वाटून घेतात, बाटल्यांत भरून घरोघर नेतात, हे मला जन्मापासून माहीत होतं. आमच्याच घरी तसं होतं. तरी आठवडाभर मी तो मजकूर वाचून मान डोलावत होते.

दुसऱ्या नंबरवर एक बाई होत्या. त्यांना निरोपातलं एक अक्षर आठवत नव्हतं.

"मग एक का दाबलासा?" चाचांनी विचारलं.

"आवं, ती बाई किती ग्वाड बोलत हुती. तिला तोंडावर न्हाई म्हणायचं व्हय?"

पुणंनं कपाळावर हात मारला. तिचं मला आवडलं, तिनं कुठलीही सबब पुढं केली नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं.

तिसरा फोन एका काकांचा. ते लय खुशीत होते. "हेक्टराचा हिशोब सांगितला बगा त्या बाईनं. माझं अठरा गुंठं. एवढ्याला हिशोब कोण इस्कटत बसतंय, म्हटलं सांगितलंय तेवढं सगळं एकदमच घालू. टाकीत कालवून ठेवलंय. आता ऊन उतरलं की मारतो."

हेक्टरभराचं, म्हणजे शंभर गुंठ्यांचं औषध अठरा गुंठ्यांत जाणार होतं. चाचांचा आवाज अजिबात चढला नाही. "काका, मारू नगासा. मी सांगतो त्ये ऐका. टाकीला हात लावू नगासा." मग त्यांनी सावकाश, पंपाच्या हिशोबानं, झाकणांच्या मापानं सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "आता मला माघारी सांगा."

काकांनी सांगितलं, चुकलं. चाचांनी पुन्हा सांगितलं. काकांनी पुन्हा सांगितलं, या वेळी बरोबर. मगच चाचांनी फोन ठेवला.

मालक माझ्याकडं वळले. "म्हसवड, तू काय लिहिलंयस?"

मी कागद उघडला आणि जसा होता तसा वाचून दाखवला. विकत घ्यावं. चार कारणं. सगळ्यांसमोर. चाचा डोळे मिटून ऐकत होते, जसे रोज ऐकायचे. वाचून झाल्यावर मी म्हणाले, "हे मी लिहिलं होतं आणि ते चुकलं. घरात घडवायचं."

"सगळं?" तासगावनं घाबरून विचारलं.

तेव्हा चाचांनी डोळे उघडले. "सगळं कशाला? लिवणारं इकत घ्या. बोलणारं इकत घ्या. झ्याक हाय त्ये. अडवणारं तेवढं घरचं ठेवा."

मी आजपर्यंत या विषयावर पुष्कळ मोठ्या माणसांची भाषणं ऐकली. त्या एका वाक्यापुढं कुणी गेलेलं नाही. मालकांनी गणपतीपर्यंत मुदत दिली. तोवर निरोप वेळेवर आणि माघारी येऊन सुटला पाहिजे, नाहीतर विभाग बंद.

मग ते तीन आठवडे. चाचांनी कपाटातून त्यांच्या वह्या काढल्या. इतक्या वर्षांत माघारीला कुणी काय उत्तर दिलं, ते शब्दाला शब्द लिहून ठेवलेलं. कुणाचं कसं चुकलं, कुठल्या शब्दानं चुकलं. तासगाव ते बघून खुर्चीतच बसून राहिला. "म्हसवड, हे कुठल्याच कंपनीकडं नाही गं," तो म्हणाला. आम्ही तिघांनी त्या वह्या एआयला शिकवायला घेतल्या. मसुदा विकतचा एआय लिहिणार. 'गावाबाहेर'चे शब्द आले तर तिथंच परत. मग आमचा एआय तीन गावांत एकाच वेळी फोन लावणार, कुणी उचलला नाही तर त्याच गावात दुसऱ्याला लावणार, निरोप ऐकवणार, माघारी विचारणार, आणि एकाचंही चुकलं तर निरोप अडवून मला दाखवणार. जे फोन लावायला चाचांना अख्खा दिवस लागायचा, ते दहा मिनिटांत.

पहिल्याच चाचणीत फजिती. लोक म्हणाले, "व्हय, लय बरं सांगितलंसा," आणि आमच्या शहाण्या एआयनं सगळ्यांना पास केलं. तोही मानाला भुलला. चाचा पोट धरून हसले. "बिनगावाचा आता आपल्या गावचा झाला की." मग दोन दिवस ते स्वतःशीच पुटपुटत फिरत होते, कृष्णेच्या घाटावर जाऊन बसत होते. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "कळलं का, आसं इचारायचंच न्हाई. इचारायचं, उद्या सकाळी उठल्यावर पयल्यांदा हातात काय घेणार? त्यावर 'व्हय' म्हणताच येत न्हाई."

खरंच येत नाही. करून बघा. माणसाला पंप म्हणावं लागतं, खोरं म्हणावं लागतं, नाहीतर काही कळलं नाही हे कबूल करावं लागतं. त्या एका प्रश्नानं आमची गाडी मार्गी लागली.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी सकाळी करप्याचा निरोप सुटला, सात वाजायला पाच कमी असताना, तिन्ही गावांतून माघारी येऊन. मालक स्वतः पेढे घेऊन आले आणि पहिला चाचांच्या हातात ठेवला. म्हणाले, "विभाग चालू राहणार, चाचा." मी चाचांच्या पाया पडायला वाकले तर ते बाजूला सरकले आणि म्हणाले, "त्यो कागद सगळ्यांसमोर वाचलास, तवाच पाया पडून झालं." पुढं पुण्याची कंपनी आमची माघारीची पद्धत मागायला आली, त्यांच्या हातात आमच्यासाठी करारही होता. चाचांनी त्या मुलीला दोन दिवस शेजारी बसवून सगळं फुकट शिकवलं. "औषध समदीकडं जातंय," एवढंच कारण दिलं.

दिवाळी झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली. मी अडवायचा पुष्कळ प्रयत्न केला, भांडले, रुसले. ते रहिमतपूरला गेले. जाताना एकच अट घातली, की माघारीच्या यादीत रहिमतपूरसाठी त्यांचा नंबर टाकायचा.

हळद काढणीच्या दिवसांतली गोष्ट. सकाळी कचेरीत आले तर आठ वाजून गेलेले, आणि निरोप अडकलेला. काढलेली हळद वाळवण्याआधी शिजवतात, त्याचा निरोप, तोही घाईचा. दोन गावं बरोबर आली होती. अडलं होतं रहिमतपूर. मी ध्वनिमुद्रण लावलं.

"व्हय व्हय, लय झ्याक सांगितलंसा," चाचांचा आवाज.

आमचा एआय म्हणाला, "उद्या सकाळी उठल्यावर पहिल्यांदा हातात काय घेणार?"

"बरश. दात घासायचा."

"बरं. हळदीच्या कामाला पहिल्यांदा हातात काय घेणार?"

"आरं, मी चाचा हाय. मीच शिकवलंय तुला. सोड की निरोप."

"बरं चाचा. हळदीच्या कामाला पहिल्यांदा हातात काय घेणार?"

असं पाच वेळा. पाचव्यांदा तर ते त्याच्यावर ओरडले, आणि त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यानं मान राखला, 'चाचा' अशी हाक मारली, पण निरोप सोडला नाही. मी तणतणत फोन लावला. "आवं चाचा, आठ वाजून गेलं, माणसं चुली पेटवून बसल्यात आन् तुमी बरश काय सांगताय?"

माझ्या तणतणण्याकडं चाचांचं लक्षच नव्हतं.

"त्याचीच माघारी घेतली, म्हसवड. मी सांगून बी सोडलं न्हाई?"

"न्हाई सोडलं."

"वरडलो तरी?"

"तरी न्हाई."

मग मला त्यांच्या श्वासाचा आवाज आला, आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. चाचा रडत होते. मीही रडले, तासगावसमोर, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

"मामूला आसं कुणी इचाराय पायजे हुतं," ते म्हणाले. मग त्यांनी हळद कशी शिजवणार ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, एक शब्द न चुकता. आठ वाजून वीस मिनिटांनी निरोप सगळीकडं सुटला.